मॅराडोनाच्या जर्सीवर मॅराडोनाचं नाव असेल तर…

अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू मॅराडोना याची म्हणून विकायला आलेली जर्सी घ्यावी का, आणि अस्सल ओळखायची कशी, असं तुम्ही विचारलंत. आधी थेट उत्तर: ही जर्सी घेऊ नका.

तुमच्या वर्णनानुसार ती नापोली या इटालियन क्लबची 1986-87 ची आहे, छातीवर ‘बुइतोनी’ची जाहिरात, पाठीवर 10 आणि त्याच्या वर ठळक अक्षरांत ‘मॅराडोना’. विक्रेता तिला मॅच-वॉर्न, म्हणजे प्रत्यक्ष सामन्यात घातलेली, म्हणतो, सोबत सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट देतो. तो शिक्का बाजूला ठेवा. इटलीच्या सेरी आ या सर्वोच्च लीगमध्ये पाठीवर खेळाडूंची नावं आली ती 1995-96 च्या हंगामात. तोवर मॅराडोनाला नापोली सोडून चार वर्षं झाली होती. त्याच्या काळात मैदानात उतरणारे अकरा जण 1 ते 11 नंबर घालायचे, नाव नाही. कापड कदाचित खरोखर जुनं असेल, पण त्यावरचं नाव नंतर कुणीतरी चिकटवलंय, आणि पैसे तर तुमच्याकडून त्या नावाचेच मागताहेत. वर्ल्ड कपचंही असंच. तिथे नावं 1994 साली आली, म्हणजे त्याच्या चार वर्ल्ड कपपैकी नाव असलेली जर्सी फक्त शेवटच्या, अमेरिकेतल्या स्पर्धेची.

बरं, नाव नसतं तरी 10 नंबर म्हणजे मॅराडोनाच, असं धरून चालू नका. नंबर तेव्हा माणसाला कायमचा दिलेला नव्हता. तो नसेल त्या दिवशी 10 दुसरा कुणीतरी घालायचा. मार्च 1991 मध्ये डोपिंगच्या प्रकरणात त्याचं नापोलीतलं खेळणं थांबलं, पण हंगाम चालूच राहिला आणि ‘मार्स’ची जाहिरात असलेल्या जर्सीही चालू राहिल्या. पुढे नापोलीच्याच झोलाने तो नंबर घातला. क्लबने 10 नंबर निवृत्त केला, म्हणजे पुढे कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं, ते थेट 2000 साली.

आता तुमचा दुसरा प्रश्न: अस्सल ओळखायची कशी? लेबल बघा, शिलाई बघा, लोगो बघा, असं सगळेच सांगतात. मीही सांगतो. नापोलीच्या 1985 ते 1991 मधल्या जर्सीवर एन आणि आर ही अक्षरं हवीत. ती कंपनी निकोला राक्कुल्या या माजी फुटबॉलपटूची, अक्षरं त्याच्याच नावाची. 1987-88 च्या जर्सीवर तिरंगी ढाल हवी, कारण आदल्या वर्षी लीग जिंकली होती, आणि कोप्पा इतालिया हा इटालियन कप पण जिंकल्यामुळे गोल तिरंगी बिल्लाही. मॅराडोना नापोलीआधी ज्या क्लबकडून खेळला त्या बार्सिलोनाच्या जर्सीवर कुठल्याही कंपनीची जाहिरात असता कामा नये. तिथे एक गंमत असते: मेबा कंपनीने 1982 ते 1992 अशी दहा वर्षं त्या जर्सी बनवल्या, मॅराडोना होता त्यातली पहिली दोनच वर्षं. त्यामुळे 1989 ची जर्सीसुद्धा ‘मॅराडोनाच्या काळातली’ म्हणून बिनधास्त खपवली जाते.

पण या सगळ्या कसोट्यांवर जगातली सगळ्यात प्रसिद्ध मॅराडोना जर्सी सपशेल नापास होईल. 1986 च्या वर्ल्ड कपमध्ये शेवटच्या सोळा संघांच्या फेरीत अर्जेंटिना उरुग्वेविरुद्ध गडद निळ्या सुती जर्सीत खेळली, आणि त्या पावसात भिजून जड झाल्या. पुढच्या फेरीत इंग्लंडविरुद्ध पुन्हा निळ्याच घालायच्या होत्या, तेही मेक्सिकोच्या दुपारच्या उन्हात. कोच बिलार्दोला हलकं कापड हवं होतं. मग संघाचा एक माणूस मेक्सिको सिटीच्या दुकानांतून निळ्या जर्सी घेऊन आला. त्यावर घाईघाईने अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेचा बिल्ला शिवला, तोही जुना, भोवतीच्या पानांशिवायचा. नंबर लावले ते अमेरिकन फुटबॉलच्या जर्सीवर असतात तसे, रुपेरी चमकीचे. आज अशी जर्सी कुणी तुमच्यासमोर ठेवली तर तुम्ही तिला फर्स्ट कॉपीसुद्धा म्हणणार नाही. 22 जून 1986 ला मेक्सिको सिटीच्या अस्तेका स्टेडियमवर मॅराडोनाने तीच घालून दोन्ही गोल केले, हाताचाही आणि शतकातला सर्वोत्तम म्हणतात तोही.

सामन्यानंतर ती इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने बदलून घेतली. (हाताच्या गोलाआधी चेंडू उंच उडाला तो याच हॉजच्या पायाने. नशीब एकेकाचं!) मे 2022 मध्ये सोदबीजच्या लिलावात ती 71 लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. त्याआधी मॅराडोनाच्या घरच्यांनी आक्षेप घेतला होता की ही पहिल्या हाफची, गोलांची नव्हे. निकाल लावला फोटो-मॅचिंगने. बिल्ल्याचे टाके आणि नंबरवरची चमकी यांची बारीकसारीक ठेवण सामन्याच्या फोटोंशी जुळवून पाहिली. घाईत हाताने लावलेल्या वस्तूत प्रत्येक टाका वेगळा पडतो, दुसऱ्या जर्सीत तो तसाच येत नाही. लेबलवर विसंबला असता तर या जर्सीचं काही खरं नव्हतं.

म्हणून मॅच-वॉर्न म्हटलं की सामन्याची तारीख आणि त्या सामन्याचा फोटो मागायचा. ते नसेल तर ती फार तर त्या काळातली जर्सी, आणि तेवढाच भाव द्यायचा.

तुमच्या बजेटमध्ये मॅच-वॉर्न मॅराडोना बसणार नाही, स्पष्टच सांगतो. त्यात कमीपणा काही नाही. अर्जेंटिनाच्या 1990 आणि 1994 च्या आदिदास रेप्लिका, त्याच काळात दुकानातून विकल्या गेलेल्या, तिथून सुरुवात करा. नापोलीची घाई नको. त्यात नकली माल सगळ्यात जास्त आहे. हल्ली निघणाऱ्या रेट्रो जर्सी घालायला छान, पण त्या संग्रहात मोजू नका. परदेशातून मागवताना कस्टम्स ड्युटी आणि कुरिअरचा खर्च आधी धरा, नाहीतर स्वस्तात मिळालेली जर्सी दारात येईपर्यंत महाग पडते.

आणि तुम्ही मुंबईत आहात म्हणून एवढं: प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, पावसाळ्यात आत दमट होऊन नंबर एकमेकांना चिकटतात. नंबरच्या घडीत पातळ कागद घाला, जर्सी आडवी ठेवा. त्या काळच्या इटालियन जर्सीत लोकरमिश्रित कापडही असायचं, त्याला कसर लागते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी काढून बघत जा. नंबरवर इस्त्री अजिबात फिरवायची नाही.