कॅमेरा आला, आता बॅगेत काय काय भरू?

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा नूरच बदलतो. एरवी 'कुठला कॅमेरा घेऊ' म्हणणारी मंडळी एकदम 'घेतलाय हो, आता पुढे काय' वर येतात. यावेळी तर जवळपास सगळे प्रश्न तेच होते, त्यातले सहा इथे घेतलेत. पहिलं उत्तर जरा लांबलंय, चालवून घ्या.

प्रश्न : नमस्कार. आयुष्यातला पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतलाय, सोबत १६-५० ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती) आहे. दहा दिवसांनी आम्ही सगळे आठ दिवसांच्या ट्रिपला निघतोय. दुकानात ही भली मोठी यादी हातात ठेवली, यूव्ही फिल्टर, ट्रायपॉड, मोठी बॅग, जादा बॅटरी, १२८ जीबीचं कार्ड आणि वर एक '३३ इन वन' किट, त्यात वाईड (रुंद दृश्यासाठी) आणि टेली (लांबचं जवळ दिसायला) अशा दोन जोडलेन्सही आहेत म्हणे. नवरा म्हणतो काही नको, फोन आहे की. भाऊ म्हणतो एकदाच काय ते सगळं घेऊन टाक. मी नक्की काय घेऊ? – यादीत अडकलेली

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका. आत्ता फक्त दोन गोष्टी घ्या, एक जादा बॅटरी आणि चांगली दोन कार्डं, आणि उरलेली यादी आठवडाभर फ्रिजवर चिकटवून ठेवा. त्या आठवड्यात रोज कॅमेरा बाहेर काढा, घरातले, गच्चीवरचे, रात्रीचे, पळणाऱ्या पोरांचे फोटो काढा. फोटो बघताना जिथे अडल्यासारखं वाटेल तिथली वस्तू घ्यायची, बाकीची नाही. दहा दिवस आहेत तुमच्याकडे, भरपूर झाले.

बॅटरी पहिली का, तर मिररलेसमध्ये सेन्सर (चित्र टिपणारा भाग) आणि स्क्रीन सतत चालू असतात, तुम्ही फोटो काढा नाहीतर नुसतं बघत बसा, बॅटरी उतरतच असते. पुस्तिकेत 'एका चार्जवर इतके फोटो' असा आकडा असतो, तो 'सीपा' नावाच्या जपानी संघटनेने ठरवलेल्या चाचणीतून येतो, आणि या कॅमेऱ्यांत तो बऱ्याचदा ३००-४०० च्या आसपास दिसतो. फटाफट काढत गेलात तर त्याहून जास्त निघतात, पण व्हिडिओ केला किंवा प्रत्येक फोटो काढून झाल्यावर सगळ्यांना दाखवत बसलात (आणि बसणारच!) तर दुपारपर्यंत लाल दिवा. थंडीच्या ठिकाणी जात असाल तर बॅटरी आणखी लवकर मान टाकते, तेव्हा दुसरी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवायची.

खोक्यात चार्जर आलाय का तेही आजच उघडून बघा. हल्ली बरेच कॅमेरे नुसती यूएसबी केबल देतात, काही तर तीही नाही, आणि बॅटरी कॅमेऱ्यातच चार्ज करायची असते, म्हणजे तेवढा वेळ कॅमेरा भिंतीला बांधलेला. तसं असेल तर दोन बॅटऱ्या एकदम लागणारा वेगळा चार्जर घ्या, यादीत नसलेली पण खरंच कामाची वस्तू आहे ती.

कार्डाचं म्हणाल तर १२८ च्या एका कार्डापेक्षा ६४ ची दोन बरी, एक बिघडलं किंवा हरवलं तरी अर्धी ट्रिप हातात राहते. २४ मेगापिक्सेलचा चांगल्या क्वालिटीचा जेपेग साधारण १० एमबीचा धरला तर ६४ जीबीत सहा हजारांच्या आसपास फोटो मावतात, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मोठी फाईल) काढलेत तर दोन-अडीच हजार. व्हिडिओचं गणित मात्र वेगळं आहे आणि तिथेच लोक फसतात. फोर के व्हिडिओ १०० एमबीपीएसने रेकॉर्ड होतो असं लिहिलेलं असतं, ते मेगाबिट आहेत, मेगाबाइट नव्हेत. आठाने भागा, सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी! कार्डावर मोठ्या अक्षरात जो १७०, २०० वगैरे वेग छापतात तो वाचनाचा असतो, तुम्हाला बघायचाय तो लिहिण्याचा किमान वेग. त्यासाठी 'व्ही ३०' हे चिन्ह शोधा किंवा इंग्रजी यू अक्षराच्या पोटात ३ चा आकडा, दोन्हीचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट. तुम्हाला एवढं पुष्कळ झालं. मागच्या बाजूला पिनांच्या दोन रांगा असलेली महागडी यूएचएस-टू कार्डं तुमच्या कॅमेऱ्याला पेलत नसतील तर ती साध्या वेगानेच चालतात, पैसे मात्र पूर्ण जातात.

आता ती ३३ इन वन किट. नको. त्यातली जोडलेन्स म्हणजे तुमच्या चांगल्या लेन्सच्या तोंडावर फिरकीने बसवायची काच, मधला भाग बरा येतो आणि कडा अशा विरघळतात की नव्या कॅमेऱ्यात दोष आहे की काय असं वाटायला लागतं. उरलेल्या ३१ वस्तूंत फडकी, टोपणं आणि हाताच्या बोटाएवढा एक ट्रायपॉड असतो, बहुधा फडकी वेगवेगळी मोजून ३३ भरतात.

यूव्ही फिल्टरवर दोन तट आहेत, मी न घेणाऱ्यांतला. फिल्मच्या काळात त्याचं काम होतं, फिल्म अतिनील किरणं टिपायची आणि लांबचे डोंगर निळसर धुरकट यायचे. डिजिटल सेन्सरवर ती अडवणारी काच आधीच बसवलेली असते. मग उरला फक्त बचाव, आणि त्यासाठी लेन्स हूड (लेन्सच्या तोंडावर लावायची पुढे आलेली कड) चांगला, धक्काही आधी तोच खातो आणि आडवा उजेडही अडवतो. रात्री दिव्यांचे फोटो काढताना स्वस्त फिल्टरमुळे आभाळात दिव्यांची भुतं दिसायला लागतात ते वेगळंच. हां, समुद्रावर जाणार असाल, वाळू आणि खारे तुषार उडणार असतील, तर खुशाल लावा आणि संध्याकाळी काढून ठेवा.

बॅग? आहे त्या रोजच्या सॅकमध्ये जाड फोमचा एक कप्पा टाका, झालं. कॅमेऱ्याची म्हणून दुरून ओळखू येणारी बॅग प्रवासात नकोच. आणि नवऱ्याला सांगा, फोन आहेच, तो असू दे, कॅमेऱ्यातले फोटो रोज रात्री त्याच्यावरच उतरवायचे आहेत. छोटा कार्ड रीडर घ्या, फोनला लागतो.

प्रश्न : ट्रायपॉड घ्यावा की नाही? स्वस्तातला हलका बघितलाय, पूर्ण उंच होतो आणि वजन काहीच नाही.

उत्तर : वजन काहीच नाही हीच त्याची अडचण आहे हो. मधला दांडा वर काढून पूर्ण उंच केला की वाऱ्याच्या झुळकीने डोलतो, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच होत नाही. आधी स्वतःला विचारा, पहाटेचं किंवा रात्रीचं दृश्य, तारे, रेशमासारखं दिसणारं धबधब्याचं पाणी, किंवा सगळे एकत्र असलेला फोटो ज्यात तुम्हीही हवे आहात, यातलं काय काढणार आहात? काहीच नसेल तर नका नेऊ. सोबत माणसं असतील तर ती दुसऱ्या दिवसापासून ट्रायपॉड उघडायची वाट बघायला कंटाळतात, आणि कितीतरी संग्रहालयांत तर तो आत नेऊच देत नाहीत. फक्त सगळ्यांचा एकत्र फोटोच हवा असेल तर टेबलावर किंवा कठड्यावर ठेवायचा वीतभर उंचीचा मजबूत मिनी ट्रायपॉड घ्या.

मोठा नेणारच असाल तर कॅमेरा ट्रायपॉडवर अडकवायची प्लेट कॅमेऱ्यालाच लावून ठेवा. मी एकदा तीन पायांचं धूड आठ दिवस खांद्यावर वागवलं, पहिल्या पहाटे उघडलं तर प्लेट घरी, दुसऱ्या कॅमेऱ्याच्या बुडाला चिकटलेली. घरातले अजून विचारतात, प्लेट घेतली का? बाकी ट्रायपॉडवर असताना दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबल्याची थरथर फोटोत येत नाही, वेगळं रिमोट घ्यायची गरज नाही.

प्रश्न : फोटोत आकाश पांढरं येतं, मित्र म्हणाला पोलरायझर (चमक काढणारा फिल्टर) लाव. दोनदा दुकानात गेलो, दोन्ही वेळा चुकीच्या मापाचा आणला. लेन्सवर ५५ लिहिलंय, मी ५५ चाच आणतो, बसत नाही.

उत्तर : तो ५५ म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (दृश्य किती जवळ दिसेल ते सांगणारा आकडा), १८-५५ मधला. फिल्टरचं माप वेगळं असतं, लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा टोपणाच्या आतल्या बाजूला गोलातून तिरकी रेघ गेलेलं चिन्ह असतं, त्याच्या शेजारचा आकडा बघा, ४९, ५२, ५८, ६७ असं काहीतरी. पुढेमागे मोठी लेन्स घेणार असाल तर फिल्टर त्या मापाचा घ्या आणि छोट्या लेन्सला स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा, एका फिल्टरमध्ये दोन्ही भागतात.

पोलरायझर ही मात्र मनापासून सुचवावी अशी वस्तू आहे, कारण त्याचं काम नंतर कॉम्प्युटरवर नीट करता येत नाही. पाण्यावरची, काचेवरची, ओल्या पानांवरची चमक तो काढून टाकतो आणि खालचा रंग वर येतो. धातूवरची चमक जात नाही, प्रयत्न करू नका. सर्क्युलर लिहिलेलाच घ्या, लीनियर या दुसऱ्या प्रकाराने काही कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस आणि उजेड मोजणारं मीटर गडबडतात. लावला आणि झालं असं नसतं, पुढची रिंग फिरवत फिरवत बघायचं. सूर्य तुमच्या डाव्या नाहीतर उजव्या खांद्याकडे असेल तेव्हा आकाश सगळ्यात गडद होतं, समोर किंवा पाठीमागे असेल तर जवळजवळ काहीच फरक नाही. फार वाईड लेन्सवर अर्धं आकाश गडद आणि अर्धं फिकट असा पट्टा येतो. आणि पोलरायझर एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेव्हा संध्याकाळी आणि घरात काढून ठेवा, नाहीतर 'नवा कॅमेरा हललेले फोटो काढतो' असं पत्र मला पुढच्या महिन्यात येईल. आभाळ ढगाळ असेल तर ते पांढरंच येणार, त्याला फिल्टर काय करणार.

प्रश्न : विमानाने जायचंय. बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकल्या तर चालतात का? पॉवर बँकही आहे.

उत्तर : नाही चालत. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक दोन्ही केबिनमध्ये, सोबतच्या बॅगेत. कारण साधं आहे, पेट घेतलीच तर केबिनमध्ये विझवायला माणसं असतात, खाली सामानाच्या कप्प्यात कुणी नसतं. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. हिशोब असा करायचा, एमएएचला हजाराने भागा आणि व्होल्टने गुणा. कॅमेऱ्याची ७.२ व्होल्टची २२८० एमएएचची बॅटरी साडेसोळाच्या आत येते, ३.७ व्होल्टची २०,००० ची पॉवर बँक ७४ वर. म्हणजे निर्धास्त जा, फक्त बॅटरीची धातूची टोकं झाकलेली हवीत, किल्ल्या आणि चिल्लर असलेल्या कप्प्यात मोकळी टाकू नका. पॉवर बँकेचे नियम एअरलाइनप्रमाणे आणखी कडक असतात, तिकीट काढलंय तिथे वाचून घ्या.

प्रश्न : ऑनलाइन खूप स्वस्तात ५१२ जीबीचं कार्ड मिळालंय. खरं असेल का?

उत्तर : तुम्हालाच शंका आलीये म्हणजे बघा. नकली कार्डात आतला कंट्रोलर (कार्ड चालवणारी चिप) खोटं बोलतो, असतं ३२ जीबी आणि सांगतं ५१२. पहिले दोन-तीन दिवस सगळं छान दिसतं, नंतरचे फोटो आधीच्यांवर लिहिले जातात नाहीतर हवेत जातात, आणि हे कळतं घरी परतल्यावर. कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ नावाचे फुकट प्रोग्राम आहेत, ते कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतात. एक रात्र लागेल, लागू दे. पास झालं तर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि वापरा, नापास झालं तर परत पाठवा. आणि कधी कॅमेरा 'कार्ड लॉक्ड' म्हणाला तर घाबरू नका, कार्डाच्या कडेची नखाएवढी पट्टी खाली सरकलेली असते, वर ढकलायची.

प्रश्न : लेन्स पुसायला शर्टाचं टोक चालतं ना? आणि खोलीतून बाहेर आलं की काचेवर वाफ धरते, त्यावर काही औषध?

उत्तर : शर्ट नको. धुळीचा बारीक कण शर्टाखाली सापडला की तोच काचेवर रेघ ओढतो. आधी रबरी ब्लोअरने हवा मारायची, तोंडाने फुंकर नाही, थुंकी उडते, मग गरज असेल तरच मायक्रोफायबरचं स्वच्छ फडकं. ब्लोअर विमानात नेता येतो, दाबाच्या हवेचा डबा नेऊ देत नाहीत.

वाफेला औषध नाही, पिशवी आहे. एसीच्या गार खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा खोलीतच झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर गेल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नका, दव पिशवीवर धरतं, काचेवर नाही. वाफ धरलीच तर लेन्स अजिबात काढायची नाही, आत शिरली की बसली. पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, नव्या बुटांच्या खोक्यातल्या चालतील.