ऑर्बिसचे आकडे प्रोजेक्टमध्ये लिहू का?

प्रश्न: मुलगी नववीत आहे, इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी तिला ऑर्बिस नावाचा रोमन प्रवासाचा नकाशा सापडलाय. दोन शहरं आणि महिना टाकला की किती दिवस, किती खर्च सगळं दाखवतो. आकडे तसेच लिहिले तर चालेल का? आणि आपलं कल्याण त्यात का नाही? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: लिहू दे, पण हे अंदाज आहेत असं ठळक लिहायला सांगा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१२ मध्ये हा नकाशा आणला, इ.स. २०० च्या आसपासचं साम्राज्य धरून. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक मोबाईलवर दिसतं ते लोकांच्या फोनमुळे, इथे तसं काही नाहीये, बैलगाडी दिवसाला १२ किमी, पायी माणूस ३० किमी असं धरायचं, त्यात वारा न् समुद्राचे प्रवाह घालायचे आणि कॉम्प्युटरने हिशेब करायचा, मग वाटेत बैल आजारी पडला, नदीला पूर आला, हे त्यात कुठून येणार.

खरी मजा उलटसुलट करून बघण्यात आहे. जुलै महिना ठेवा, आधी रोम ते अलेक्झांड्रिया बघा, मग तोच प्रवास उलटा. परतीला कितीतरी जास्त दिवस लागतात, कारण उन्हाळ्यात तिथे वारा उत्तरेकडून येतो आणि इजिप्तचं धान्य घेऊन निघालेल्या जहाजांना तो तोंडावर यायचा. हे नुसतं पुस्तक वाचून कळत नाही हो, म्हणून मला हा नकाशा मनापासून आवडतो.

खर्चाचं मात्र जपून. भाडी काढलीत ती रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या इ.स. ३०१ च्या दरपत्रकावरून, म्हणजे शंभर वर्षांनंतरच्या. दिनारचा (रोमन नाण्याचा) नेमका आकडा नको, समुद्रमार्ग रस्त्यापेक्षा किती स्वस्त पडतो तेवढं लिहावं.

रस्तेही फक्त मुख्य आहेत, साधारण ८४ हजार किमी. २०२५ मध्ये आलेल्या, रोमन रस्त्यांच्या इटिनर-ई या दुसऱ्या नकाशात जवळपास ३ लाख किमी आहेत, पण त्यातले नक्की कुठून जायचे हे खात्रीने माहीत असलेले ३ टक्केसुद्धा नाहीत, आणि कुठला रस्ता किती खात्रीचा हे नकाशा करणाऱ्यांनी स्वतःच नोंदवलंय, ते फार चांगलं केलं.

कल्याण नाही कारण हा नकाशा रोमन साम्राज्यापुरता आहे. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात कॅलिएना म्हणून कल्याण येतं, तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत असंही त्यात आहे. कल्याणहून नाणेघाटाने जुन्नर, पैठणकडे माल जायचा, तो तुकडा तिने हाताने काढून जोडावा आणि ऑर्बिसचाच पायी ३० किमीचा वेग लावून दिवस काढावेत.