‘आम्ही एमएस्सी करतोय’

बुलढाण्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी भूशास्त्रात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला, बीएस्सीला ६८ टक्के. ते लिहितात: ‘चांद्रयान-३ नंतर सरकार या क्षेत्रात पैसा ओततं आहे, म्हणून आम्ही इस्रोकडे ग्रहविज्ञानाच्या संशोधनासाठी २५ लाखांच्या निधीचा अर्ज करतोय. एक सल्लागार ४० हजारांत प्रस्ताव लिहून देतो म्हणाले. मार्क कमी आहेत म्हणून अर्ज नाकारतील का? ईमेल तिचा असला तरी मीच पाहतो, म्हणजे तारीख चुकायला नको. ती मात्र रोज संध्याकाळी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोणारचे दगड बघत बसते. तिला जरा समजावा.’

नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन ‘आम्ही’वर खुणा केल्या. अकरा भरल्या. आम्ही एमएस्सी करतोय, आम्ही नेट देणार, आम्ही चंद्रावर काम करणार. मुलगी येते ती तक्रारीपुरती. मार्क कमी म्हणून, नाहीतर दगड बघते म्हणून. मार्कांचं सोडा, ६८ टक्क्यांनी कुणाची वाट अडलेली नाही. मला घोर लागला आहे तो त्या अकरा ‘आम्हीं’चा. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीचा ईमेल वडील पाहतात, आणि तीच मुलगी उद्या संशोधक म्हणून स्वतःच्या बळावर प्रश्न विचारेल अशी अपेक्षाही वडीलच धरतात. याचा मेळ कसा बसायचा?

आता तो अर्ज. संशोधन निधी म्हणजे मोठ्या रकमेची शिष्यवृत्ती, असा तुमचा समज झालेला दिसतो. तुम्ही एकटेच नाही, निम्म्या पत्रांत हेच असतं. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला मिळते. प्रकल्प निधी मिळतो तो संस्थेला, आणि जबाबदार असतो तिथला प्रमुख संशोधक. इस्रोच्या ‘रिस्पॉन्ड’ योजनेत अर्जदार मान्यताप्राप्त संस्थेतला पूर्णवेळ प्राध्यापक किंवा संशोधक लागतो, आणि अर्ज संस्थेमार्फत जातो. ‘सर्ब’ या केंद्राच्या संशोधन निधी मंडळाची जागा घेणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची नवोदित संशोधकांसाठी वेगळी योजना आहे, पण तिथल्या ‘नवोदिता’लाही पीएचडी आणि नियमित नोकरी लागते. पैसा आला तरी तो उपकरणं, प्रवास, मनुष्यबळ अशा ठरलेल्या शीर्षांखाली खर्च करायचा आणि वर्षअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. त्यातल्या ‘मनुष्यबळ’ या शीर्षाकडे नीट बघा. एमएस्सी झालेली मुलगी सरकारी निधीत शिरते ती या दारातून, कुणाच्या तरी प्रकल्पावर कनिष्ठ संशोधक म्हणून. तेव्हा तिचा अर्ज मार्कांमुळे नाकारला जाणार नाही. तो मुळात अर्जच ठरणार नाही.

आणि ते ४० हजार खिशातच ठेवा. सरकारी संशोधन निधीला मध्यस्थ लागत नाही. प्रस्ताव तपासतात ते त्याच विषयातले लोक, त्यांना उसना मजकूर दुसऱ्या परिच्छेदात कळतो. शिवाय एमएस्सीच्या मुलीच्या नावाने प्रकल्प निधी मागायला निघालेल्या सल्लागाराने योजनेची पात्रता तरी वाचली असेल का, हे त्याला विचारून बघा.

मग उरलं काय? दगड उरले. ते तुम्ही पत्राच्या शेवटी खंत म्हणून लिहिलेत, मी सुरुवात तिथूनच करेन.

लोणारचं विवर बेसाल्ट खडकात, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडात आहे. अशनी थेट बेसाल्टवर आदळून झालेली विवरं पृथ्वीवर बोटांवर मोजण्याइतकी आहेत. चंद्रावरचे काळे डाग आपल्याला इथून दिसतात, तेही बेसाल्टच. म्हणून जगभरातले ग्रहशास्त्रज्ञ तुमच्या जिल्ह्यात येऊन दगड बघतात. साध्या बेसाल्टचा थिन सेक्शन, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप करून तो क्रॉस्ड निकॉल्सखाली, म्हणजे एकमेकांना आडव्या दोन ध्रुवकांमध्ये धरला की त्यातलं प्लॅजिओक्लेज हे खनिज काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत उजळतं. आघाताचा जबर दाब सोसलेल्या दगडात त्याच खनिजाची न वितळता काच झालेली असते. तिला मास्केलिनाइट म्हणतात. सूक्ष्मदर्शकाची तबकडी, म्हणजे स्टेज, कितीही फिरवा, ती काळीच राहते. तुमची मुलगी संध्याकाळभर स्टेज फिरवत हेच शोधत असेल, तर तिचा वेळ अजिबात वाया जात नाही. त्या विवराचं वयसुद्धा वादात आहे. आधीच्या मापनांत पन्नासेक हजार वर्षं निघाली होती, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, खडकातल्या आर्गॉन वायूवरून केलेल्या कालमापनात साधारण ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! निधी देणारे ज्याला ‘प्रश्न’ म्हणतात तो असा असतो. तुमच्या २५ लाखांच्या प्रस्तावात असा एक तरी आहे का? मला पत्रात दिसला नाही.

वाट ओळखीचीच आहे. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेच्या पाचांपैकी एका पेपरच्या नावातच ‘प्लॅनेटरी सायन्सेस’ आहे, तो काढून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप मिळवायची. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, घरभाडं वेगळं. या पैशासाठी तिला स्वतःचा प्रकल्प मांडावा लागत नाही. पीएचडीला अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी बघा, चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरचं एपीएक्सएस हे चंद्राच्या मातीतली मूलद्रव्यं ओळखणारं उपकरण तिथलंच. गेट ही प्रवेशपरीक्षाही देऊन ठेवावी. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून असलेली उन्हाळी फेलोशिप मिळाली तर दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत बसता येतं. त्यासाठी आपल्याला काय करायचं आहे हे तिने स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं. तुमच्या नाही.

आठ दिवस तिला नेट, इस्रो, निधी यांतलं काहीही विचारू नका. एका संध्याकाळी तिच्या विभागात जा, परवानगी घेऊन तिच्या शेजारी बसा आणि काय दिसतंय ते तिला दाखवायला सांगा. मीही तिला काही समजावणार नाही. तिला काही विचारायचं असेल तर पुढचं पत्र तिने लिहावं.

चंद्रच हवा असेल तर चांद्रयान-२ ची निरीक्षणं इस्रोने डिसेंबर २०२० पासून ‘प्रदान’ संकेतस्थळावर खुली केली आहेत. नोंदणी केली की ती मोफत उतरवून घेता येतात, त्यासाठी निधी लागत नाही. नोंदणी मात्र तिच्या ईमेलवरून होऊ द्या, आणि पासवर्ड आजच बदलून घ्यायला सांगा. नवा काय ठेवलास, हे विचारू नका.