येशूने ‘दुसरा गाल पुढे कर’ सांगितलं, मग ख्रिस्ती माणूस सैन्यात कसा जातो?

यावर ख्रिस्ती लोकांचं आपसात कधीच एकमत झालेलं नाही. सुरुवातीच्या शतकांत टर्टुलियनसारखे लेखक सैनिकी पेशाच्या साफ विरोधात होते. पण बायबलमध्येच बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला शिपाई विचारतात, ‘आम्ही काय करावं?’ तो नोकरी सोडा म्हणत नाही. लुबाडू नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगतो. सैन्यात जाणारे हा दाखला हमखास देतात.

चौथ्या शतकात रोमन सम्राटच ख्रिस्ती झाले आणि प्रश्न अवघड झाला. धर्मपंडित ऑगस्टिनने न्याय्य युद्धाचा, म्हणजे काही युद्धं योग्य ठरू शकतात असा विचार मांडला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने त्याला अटी घातल्या: वैध सत्तेचा हुकूम, न्याय्य कारण, शुद्ध हेतू. माझ्या मते तिसरी अट बहुतेक राजांनी गुंडाळूनच ठेवली, धर्मयुद्धं (क्रुसेड) त्यातलीच. क्वेकर आणि मेनोनाइट हे ख्रिस्ती पंथ मात्र आजही शस्त्र उचलायला नकार देतात. पोप फ्रान्सिस यांनी 2020 मध्ये लिहिलं की आजच्या काळात न्याय्य युद्धाची भाषा करणं फार कठीण आहे.

पुण्यात असाल तर खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत चक्कर मारा. राष्ट्रकुलाच्या अशा स्मशानभूमींत उभा केला जाणारा दगडी क्रूस नीट बघा: त्यावर कांस्याची तलवार बसवलेली असते, टोक खाली. कुणाला त्यात त्याग दिसतो, कुणाला क्रुसावर शस्त्र हीच विसंगती वाटते. कॅम्पातल्या चर्चमध्येही लष्करी स्मृतिफलक सापडतील.