रफ छान जमतं, पण फायनल चित्र निर्जीव का होतं?

प्रश्न असा आहे: ठाण्याच्या तलावपाळीचं (तलावाकाठाचं) रफ स्केच जिवंत वाटतं, मग शाई आणि जलरंग चढले की चित्र मरतं. घोळ बहुतेक वेळा मधल्या टप्प्यात असतो.

आधी ५-६ सेंटिमीटरचे सहा-सात छोटे आराखडे करा. त्यात तीनच छटा: पाणी-आकाश फिकट, काठावरची झाडं मध्यम, होड्या गडद. होडी इथेच उठून दिसली नाही, तर पुढे रंगांनी ती वाचत नाही.

निवडलेलं रफ मोठं करून प्रिंट काढा, मागे ४बी पेन्सिल घासा आणि ३०० जीएसएमच्या (म्हणजे जाड) कागदावर फक्त मुख्य खुणा उतरवा. सगळी रेघ गिरवली की हात घाबरतो, रेघ थरथरते. चित्र मरतं ते नेमकं इथेच. होडीची कड रफ समोर ठेवून, खांद्यातून एका दमात ओढा.

शाई वॉटरप्रूफच घ्या आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर पहिल्याच वॉशमध्ये (पातळ रंगाच्या हातात) काळं पसरतं. ठाण्यातल्या पावसाळी दमट हवेत कागद वरून कोरडा दिसतो, आत ओल असते. बोटांची मागची बाजू टेकवा. गार लागलं तर थांबा. घाई केली की फुलकोबीसारखे डाग उमटतात. फिकटाकडून गडदाकडे जा, पांढरा कागद राखून ठेवा.

छपाईसाठी किमान ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. ए४ ला २४८० × ३५०८ पिक्सेल मिळतात.