६० लिटरच्या टाकीत दोनच निऑन टेट्रा ठेवले तर चालेल का?

दोन मासे काही काळ जगतील, पण सुखाने राहणार नाहीत. किमान आठ-दहा तरी एकत्र ठेवावेत. ॲमेझॉन खोऱ्याच्या पश्चिम भागातील ओढ्यांत राहणारा हा जेमतेम तीन सेंटिमीटरचा मासा थव्यातच निर्धास्त असतो. थवा नसला की तो भेदरून वनस्पतींमागे दडतो, नीट खात नाही आणि त्याचा निळा पट्टाही फिकट पडतो. आपली टाकी दहा माशांना पुरेशी आहे. मात्र ती भरल्या दिवशीच मासे सोडू नयेत, कारण माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग त्याहून पुष्कळ कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नवशिक्यांचे कितीतरी मासे याच घाईपायी दगावतात, हे पाहून फार वाईट वाटते. पाण्याचे तापमान २२ ते २६ अंश सेल्सिअस असावे. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे व नळाचे पाणी क्लोरीन काढूनच घालावे. एंजलफिश सोबत ठेवू नये. मोठा झाल्यावर तो निऑन गिळतो.