पिवळी प्लेट, परमिट आणि पासिंग : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत भाड्याच्या प्रवासी गाड्यांचे प्रश्न इतके आले की सगळे सदर त्यांनाच दिले आहे. उत्तरे मोटार वाहन कायदा 1988, केंद्रीय नियम 1989 आणि महाराष्ट्राचे नियम यांवर आधारलेली आहेत. शुल्काचे आकडे वरचेवर बदलतात आणि अर्ज भरताना परिवहन पोर्टलवर दिसतातच, म्हणून ते इथे दिलेले नाहीत.

प्रश्न : घरची सात आसनी अर्टिगा आठवडाभर उभीच असते. शनिवार-रविवारी महाबळेश्वर, पाचगणीच्या ट्रिपा मिळवून देतो, असे एक ट्रॅव्हल एजंट म्हणतो. प्लेट पांढरी आहे. कोणी अडवलेच तर ‘मित्र आहेत, पेट्रोल वाटून घेतले’ असे सांगायचे, असा त्याचा सल्ला. धोका कितपत आहे? गाडी रीतसर भाड्याची करून घेता येईल का? (वाचक, सातारा)

उत्तर : पैसे घेऊन प्रवासी नेले की कलम 66 प्रमाणे परमिट लागते. परमिट नसेल तर कलम 192-अ लागू होते : पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. शिवाय कलम 207 खाली गाडी जागेवरच अडकवून ठेवता येते. मित्रांची गोष्ट सहसा टिकत नाही. अधिकारी प्रवाशांना बाजूला घेऊन एकेकाला मालकाचे नाव विचारतो, आणि एजंटाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले बुकिंग प्रवाशाच्याच फोनमध्ये असते.

पण आमच्या मते दंड हा यातला लहान धोका आहे, मोठा धोका विम्याचा. तुमची पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा रकाना वाचा. भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर खासगी पॉलिसीत वगळलेला असतो. घाटात अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी. जखमी व मृतांच्या वारसांना कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देतात. परमिट नसणे हा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट म्हटले आहे. ही वसुली लाखांत जाते आणि ती तुमच्या नावावर येते, एजंटाच्या नव्हे.

गाडी टुरिस्ट टॅक्सी करून घेता येते. क्रम मात्र सांभाळा. कर्ज असेल तर आधी बँकेचे ना-हरकत पत्र घ्या, कारण खासगी गाडीच्या कर्जाच्या अटी वेगळ्या असतात. मग वाहन पोर्टलवर वाहनाचा प्रकार बदलण्याचा अर्ज करा आणि कराचा फरक भरा. विमा ‘प्रवासी वाहतूक, व्यावसायिक’ या प्रकारात बदलून घ्या. वेगनियंत्रक, लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण, रिफ्लेक्टिव्ह टेप (पुढे पांढरी, मागे लाल), अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी बसवा. त्यानंतर गाडी दाखवून फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचे प्रमाणपत्र) घ्या, पिवळ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे असलेली नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) लावा आणि परमिट घ्या. परमिट हाती येईपर्यंत एकही भाडे मारू नका. प्लेट पिवळी झाली म्हणजे परवानगी मिळाली, असा समज फार पसरलेला आहे.

अर्ज अडकतात ते साधारण तीन गोष्टींवर. वेगनियंत्रक त्या मॉडेलसाठी मंजूर नसतो किंवा त्याच्या प्रमाणपत्राची नोंद पोर्टलवर झालेली नसते. सीएनजी किट बाहेरून बसवलेले असते आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) त्याची नोंद नसते. आणि विमा आधीच बदललेला असतो, पण आरसीवर गाडी अजून खासगीच असते.

आसनेही मोजून घ्या. आरसीवरच्या आकड्यात चालक धरलेला असतो. चालक सोडून सहापर्यंत प्रवासी असतील तर कायद्याच्या भाषेत ती मोटार कॅब, सातपासून बारापर्यंत मॅक्सी कॅब. तुमची अर्टिगा 6+1, म्हणजे मोटार कॅब. आठ आसनी इनोव्हा 7+1, म्हणजे मॅक्सी कॅब. एका सीटने गाडीचा वर्ग बदलतो, आणि कर व परमिट शुल्काचा टप्पाही बदलू शकतो.

महिन्यातून दोन-चार ट्रिपांसाठी हे सगळे परवडेल का, ते आधी कागदावर मांडा. व्यावसायिक विम्याचा हप्ता जास्त असतो, फिटनेस कायमचा मागे लागतो आणि विकताना पिवळ्या प्लेटच्या गाडीला भाव कमी येतो. आठवड्याचे दोनच दिवस गाडी चालणार असेल तर आमचा कल ‘करू नका’ याच बाजूला आहे.

प्रश्न : माझ्याकडे 17 आसनी ट्रॅव्हलर आहे, ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे, कागद सगळे चालू आहेत. रोज सकाळी जतहून सांगलीला सीट भरून नेतो. भरारी पथकाने 192-अ लावले. परमिट असताना हे कलम कसे लागते? (वाचक, जत)

उत्तर : लागते, कारण ते कलम फक्त परमिट नसणाऱ्यांसाठी नाही. परमिटवर जो मार्ग, जे क्षेत्र किंवा जो वापर लिहिला आहे त्याचा भंग केला तरी तेच कलम आणि तीच शिक्षा. तुमचे परमिट कंत्राटी वाहतुकीचे आहे आणि तुम्ही करता आहात ती टप्पा वाहतूक.

दोन्हींतला फरक कायद्यात नेमका दिलेला आहे. कंत्राटी वाहतुकीत अख्खी गाडी ठरलेल्या रकमेला दिली जाते, एक तर वेळेच्या हिशेबाने किंवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंत, आणि करारात नसलेला प्रवासी वाटेत घेता वा उतरवता येत नाही. टप्पा वाहतुकीत प्रत्येक प्रवाशाचे भाडे वेगळे असते आणि तो वाटेत चढू-उतरू शकतो. महाराष्ट्रात टप्पा वाहतूक मुख्यतः एसटी आणि शहरांतल्या बेस्ट, पीएमपीएमएलसारख्या उपक्रमांकडे आहे. टुरिस्ट परमिटच्या गाडीत प्रवाशांची यादी ठेवावी लागते, कागदावर किंवा फोनमध्ये, आणि तीत प्रत्येकाचे निघण्याचे आणि उतरण्याचे ठिकाण लिहिलेले असले पाहिजे. पथक पहिल्यांदा तीच मागते. तुमच्या गाडीत ती नव्हती, किंवा असलीच तर उतरण्याची ठिकाणे प्रत्येकाची वेगळी होती, असा आमचा अंदाज आहे.

‘मग वडापवाले (सीट भरून चालणाऱ्या जीपवाले) कसे चालतात?’ हा पुढचा प्रश्न येणारच. मोटार कॅब आणि मॅक्सी कॅबमध्ये प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले तरी ती कंत्राटी वाहतूकच मानावी, अशी सवलत व्याख्येतच आहे. काळी-पिवळी जीप या सवलतीत बसते. तिलाही परमिटवरचे क्षेत्र, थांबा आणि आसनसंख्या पाळावी लागते, आणि टपावर माणसे बसवायला कुठलीच सवलत नाही. तुमची ट्रॅव्हलर मात्र बारा प्रवाशांच्या वरची, म्हणजे या सवलतीच्या बाहेर.

फेरी रोजचीच हवी असेल तर एखाद्या कारखान्याशी किंवा संस्थेशी महिन्याच्या दराने लेखी करार करा : ठरलेली माणसे, ठरलेली रक्कम, पैसे देणारा एक. तो करार आणि यादी गाडीत ठेवा. शाळेची मुले नेणार असाल तर 2011 चे शालेय बस नियम वेगळे लागू होतात. परिचर, पिवळा रंग, शाळेची परिवहन समिती या सगळ्या गोष्टी मग आल्याच.

झालेल्या कारवाईबद्दल : कलम 86 खाली परमिट निलंबित किंवा रद्द करण्याची नोटीस आली तर ती टेबलावर पडू देऊ नका. म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते, आणि निलंबनाऐवजी ठरावीक रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची तरतूद त्याच कलमात आहे. आदेश मान्य नसेल तर राज्य परिवहन अपील न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

प्रश्न : वडिलांच्या नावावर टुरिस्ट टॅक्सी आणि परमिट होते. दीड महिन्यापूर्वी ते गेले. गाडी मोठा भाऊ चालवतो आहे. आरसी आईच्या नावावर आणि परमिट भावाच्या नावावर करावे, असे घरात ठरते आहे. (वाचक, लातूर)

उत्तर : तसे करू नका. परमिट गाडीच्या मालकालाच मिळते, त्यामुळे दोन्ही एकाच नावावर हवीत. आईच्या नावावर दोन्ही केलीत तरी चालेल. टुरिस्ट टॅक्सीच्या मालकाला स्वतः गाडी चालवता आली पाहिजे अशी अट नाही, भाऊ चालक म्हणून राहील.

मुदतीचा मुद्दा जास्त निकडीचा आहे. परमिटधारक गेल्यावर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याला तीन महिने तेच परमिट वापरता येते. पण त्यासाठी मृत्यूची आणि परमिट वापरण्याच्या इराद्याची लेखी सूचना 30 दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला द्यावी लागते. तुमचे तीस दिवस उलटले आहेत. सूचना दिली नसेल तर हस्तांतर होईपर्यंत गाडी भाड्यावर काढू नका. या दरम्यान वडिलांच्या परमिटची मूळ मुदत संपली, तर तीन महिन्यांची सवलतही त्याच दिवशी संपते. पुष्कळ जण इथेच फसतात.

हस्तांतराचा अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांत करायचा असतो, म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे. आधी आरसी : फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, वारसांचे पुरावे, इतर सर्व वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र, चालू विमा आणि पीयूसी, कर्ज असेल तर वित्तसंस्थेची संमती. मग परमिट. बहिणीचे लग्न झाले म्हणून तिची सही वगळतात आणि अर्ज परत येतो, तेव्हा तिचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. विमाही नव्या नावावर करायला विसरू नका.

प्रश्न : साधे एलएमव्ही (हलक्या वाहनाचे) लायसन्स आहे. टॅक्सी चालवायला वेगळे ट्रान्स्पोर्ट लायसन्स लागते का? (वाचक, कल्याण)

उत्तर : एकूण वजन 7500 किलोपर्यंत असलेल्या गाडीसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी हे पक्के केले. प्रवासी वाहनाच्या चालकाचा बॅज हा वेगळा विषय आहे, तो राज्याच्या नियमांतून येतो. त्यासाठी अर्ज आरटीओकडे करायचा आणि सोबत पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायची.

प्रश्न : बेळगावहून पुण्याला वऱ्हाड न्यायचे आहे. मिनीबस कर्नाटक पासिंगची, परमिट फक्त कर्नाटकापुरते. राज्याच्या सीमेवर कोगनोळीला अडवतील का? (वाचक, बेळगाव)

उत्तर : अडवले तर तक्रारीला जागा नाही. एकाच फेरीसाठी मालकाने कलम 88(8) खालचे विशेष परमिट काढावे आणि महाराष्ट्राचा कर निघण्याआधी ऑनलाइन भरून पावती सोबत ठेवावी. विशेष परमिटवर तारखा असतात. परतीचा मुहूर्त पुढे जाण्याची शक्यता असेल तर एक दिवस जास्तीचा धरा. गाडी वर्षातून बऱ्याच वेळा राज्याबाहेर जात असेल, तर 1 मे 2023 पासून लागू झालेल्या नियमांखालचे ऑल इंडिया टुरिस्ट परमिट परवडते. अर्ज पूर्ण ऑनलाइन आहे आणि सात दिवसांत निर्णय झाला नाही तर परमिट मिळाल्याचे मानले जाते. विजेवर चालणाऱ्या गाडीला त्याचे शुल्क नाही.

प्रश्न : परमिटला अजून तीन वर्षे आहेत, फिटनेस मागच्या महिन्यात संपला. गाडी चालवली तर चालेल ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. कलम 56 प्रमाणे फिटनेस नसलेल्या व्यावसायिक वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. शिवाय वैध फिटनेस ही प्रत्येक परमिटची अट असते, म्हणजे एक कागद संपला की तीन लंगडे होतात. नव्या गाडीला दोन वर्षांचा फिटनेस मिळतो. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग (फिटनेसची तपासणी) करावे लागते.

गाडी परत पाठवली जाते ती इंजिनासाठी क्वचितच. एका बाजूचा हेडलाइट वर मारतो, हँडब्रेक धरत नाही, स्टेपनी गुळगुळीत असते, मागची लाल टेप धुऊन धुऊन फिकी पडलेली असते, वेगनियंत्रकाचे वार्षिक प्रमाणपत्र संपलेले असते, ट्रॅकरचे सिम बंद असते. पॅनिक बटण दाबून सिग्नल जातो का, ते आदल्या दिवशीच बघा. परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 15 दिवस आधी द्यायचा असतो. त्याच्या महिनाभर आधी फिटनेस, विमा, पीयूसी आणि कर यांच्या तारखा एका कागदावर लिहून काढा, कारण त्यातली एक जरी संपलेली असली तरी पोर्टल पुढे जाऊ देत नाही.

प्रश्न : गोव्यात पांढऱ्या प्लेटची स्कूटर भाड्याने मिळते, स्वस्तही पडते. घ्यावी का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नको. भाड्याने देण्याच्या परवान्याखालची दुचाकी किंवा कार काळ्या प्लेटवर पिवळ्या अक्षरांची असते. पांढऱ्या प्लेटवर पोलिसांनी अडवले तर तुमची सहल पोलीस चौकीत जाते, आणि अपघात झाला तर सातारकरांना वर विम्याबद्दल जे लिहिले आहे तेच तुमच्याही वाट्याला.

प्रश्न : सोसायटीच्या सहलीसाठी बस ठरवायची आहे. कागद खरे आहेत की नाहीत हे प्रवाशाला कसे कळणार? आणि दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले मागतील ते भाडे द्यावेच लागते का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : बसचा नंबर आधी मागून घ्या आणि एमपरिवहन अॅपमध्ये टाका. वाहनाचा वर्ग, फिटनेस, विमा, पीयूसी, कर आणि परमिटच्या तारखा दिसतात. या सगळ्या तारखा परतीच्या दिवसाच्या पुढच्या हव्यात, निघण्याच्या दिवसाच्या नव्हे. ऐन वेळी दुसरीच बस आली तर तिचा नंबर टाकून पुन्हा बघा. आत गेल्यावर आपत्कालीन दारासमोर जादा सीट बसवलेली नाही ना, आणि काच फोडायचा हातोडा जागेवर आहे ना, एवढे नजरेखालून घाला.

भाड्याला मर्यादा आहे. 27 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयानुसार खासगी कंत्राटी बसला त्याच प्रकारच्या एसटी बसच्या प्रति किलोमीटर भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तुलना एसीची एसीशी आणि शयनयानाची शयनयानाशी करायची. तक्रार आरटीओकडे करता येते, पण तिकीट किंवा बुकिंगचा स्क्रीनशॉट, बसचा नंबर आणि तारीख हे तिन्ही जोडा. नुसत्या ऑपरेटरच्या नावावर आरटीओला गाडी शोधता येत नाही.